पॅकेट थांबतं कुठे? ड्रायव्हरमधल्या ट्रान्समिट रांगा आणि प्राधान्य, नव्याने शिकणाऱ्यांसाठी

नेटवर्क ड्रायव्हर लिहायला घेतला की पहिलं पॅकेट तारेवर जाणं ही मोठी गोष्ट वाटते, आणि ती असतेच. पिंगला उत्तर आलं की त्या दिवशी झोप छान लागते. पण ड्रायव्हरचा कस त्यानंतर लागतो. पॅकेटं कार्डाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने येऊ लागली तर काय करायचं? आणि हजार साधी पॅकेटं पुढे उभी असताना मागून एखादं तातडीचं आलं, तर त्याला वाट कशी द्यायची? हे प्रश्न वेगळे वाटतात, पण त्यांचं मूळ एकच आहे: पॅकेट वाट बघत नेमकं कुठे उभं आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?

इथलं सगळं लिनक्स कर्नलबद्दल आहे. फंक्शनांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. ती मोठ्याने वाचली की सोर्समध्ये सहज सापडतील.

आधी वाट समजून घ्या

ॲप्लिकेशनने डेटा दिला की तो सॉकेट आणि आयपीच्या थरांतून एसकेबीच्या (कर्नल प्रत्येक पॅकेट ज्या रचनेत ठेवतो तिच्या) रूपात खाली येतो. तिथे तो क्यूडिस्कमध्ये शिरतो. क्यूडिस्क म्हणजे कर्नलने सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेली रांग. तिथून तो ड्रायव्हरकडे येतो, ड्रायव्हर त्याचा मेमरीतला पत्ता रिंगमधल्या डिस्क्रिप्टरमध्ये लिहितो (रिंग म्हणजे ड्रायव्हर आणि कार्ड दोघांना दिसणारी गोल यादी, डिस्क्रिप्टर म्हणजे तिच्यातली एक नोंद), आणि कार्ड डीएमएने, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता, पॅकेट उचलून तारेवर टाकतं.

म्हणजे थांबायच्या जागा दोन: क्यूडिस्क आणि रिंग. क्यूडिस्कमध्ये उभ्या पॅकेटांचा क्रम बदलता येतो, एखाद्याला पुढे घेता येतं, नको असलेलं टाकून देता येतं. रिंगमध्ये यातलं काहीच जमत नाही. कार्ड डिस्क्रिप्टर एकामागून एक वाचत जातं, आणि डोअरबेल वाजवल्यावर (म्हणजे 'नवं काम आहे' असं रजिस्टर लिहून कार्डाला कळवल्यावर) त्यातलं एखादं मागे घ्यायची सोय नसते.

आता हिशेब करा. रिंगमध्ये २५६ डिस्क्रिप्टर आहेत, प्रत्येकात १५१४ बाइटची पूर्ण फ्रेम आहे आणि लिंक १०० मेगाबिटची आहे. ही रिंग रिकामी व्हायला सुमारे ३१ मिलिसेकंद लागतात. लिंक १० मेगाबिटवर उतरली तर तीच रिंग ३१० मिलिसेकंदांची होते. क्यूडिस्कमध्ये तुम्ही कितीही हुशारीने प्राधान्य लावा, तातडीच्या पॅकेटला या रिंगच्या शेपटाशीच उभं राहावं लागेल. या लेखातली बहुतेक कामं याच एका आकड्याला आवरण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: हात लावण्याआधी बघून घ्या

काहीही बदलण्याआधी तीन गोष्टी लिहून ठेवा. इथटूल या कमांडला लहान जी हा पर्याय दिला की रिंगचा आकार कळतो, लहान एल दिला की रांगा किती ते कळतं (मोठं जी आणि मोठं एल याच गोष्टी बदलतात, म्हणून अक्षर नीट बघून टाइप करा). आणि 'टीसी -एस क्यूडिस्क शो' दिलं की कोणती क्यूडिस्क बसली आहे, किती पॅकेटं टाकून दिली गेली, किती ड्रायव्हरकडून मागे आली (रीक्यू) हे दिसतं.

क्यूडिस्कचं नाव गृहीत धरू नका. कर्नलची जुनी मूळ निवड पीफिफो_फास्ट असली तरी आज बऱ्याच डिस्ट्रिब्युशनांत एफक्यू_कोडेल बसलेलं असतं, आणि एकापेक्षा जास्त रांगा असलेल्या कार्डावर सगळ्यात वर एमक्यू आणि त्याच्या पोटात प्रत्येक रांगेची वेगळी क्यूडिस्क दिसते. पीफिफो_फास्ट पॅकेटं प्राधान्याच्या तीन पट्ट्यांत ठेवतं, एफक्यू_कोडेल प्रवाहांत. दोन्हींचा स्वभाव फार वेगळा आहे, त्यावर पुढे बोलू.

दुसरी पायरी: एकच रांग, पण चोख

एनडीओ_स्टार्ट_एक्समिट हे तुमचं मुख्य फंक्शन. कर्नल ते त्या रांगेचं लॉक धरून बोलावतं, त्यामुळे इथे झोपायची मुभा नाही. काम सरळ आहे: जागा आहे का बघा, डीएमए मॅपिंग करा, डिस्क्रिप्टर भरा, मेमरी बॅरियर (आधीची लिखाणं आधीच दिसतील याची हमी देणारी सूचना) टाका, मगच मालकीचा बिट कार्डाच्या हवाली करा आणि डोअरबेल वाजवा. बॅरियर विसरलात तर कार्ड अर्धवट भरलेला डिस्क्रिप्टर उचलू शकतं. असा दोष एखाद्या प्रोसेसरवर कधीच दिसत नाही आणि दुसऱ्यावर रोज दिसतो.

या फंक्शनने परत काय पाठवायचं यात नवे लोक हमखास चुकतात. नेटडेव_टीएक्स_ओके म्हणजे 'पॅकेट आता माझं, त्याचं काय करायचं ते मी बघतो'. नेटडेव_टीएक्स_बिझी म्हणजे 'मी याला हात लावलेला नाही, तुमचं तुम्ही ठेवा'. म्हणून बिझी पाठवताना एसकेबी मोकळं करायचं नाही आणि त्याचा पॉइंटरही जवळ ठेवायचा नाही. उलट, डीएमए मॅपिंग फसलं तर बिझी पाठवू नका. पॅकेट टाकून द्या, टीएक्स_ड्रॉप्ड हा मोजणीचा आकडा वाढवा आणि ओके पाठवा. चूक झाली म्हणून बिझी पाठवलंत, तर कर्नल तेच पॅकेट पुन्हा पुन्हा घेऊन येत राहील.

खरं तर नीट लिहिलेल्या ड्रायव्हरमध्ये बिझी पाठवायची वेळ येऊच नये. रिंग भरल्यावर 'जागा नाही' म्हणण्यापेक्षा, पुढचं पॅकेट मावणार नाही असं दिसलं की आत्ताच नेटिफ_स्टॉप_क्यू बोलवा. किती जागा उरली की थांबायचं? सगळ्यात मोठ्या पॅकेटला लागेल तितकी. एका एसकेबीचे जास्तीत जास्त तुकडे मॅक्स_एसकेबी_फ्रॅग्ज या स्थिरांकात असतात, तो सहसा १७ असतो. त्यात मुख्य भागाचा एक डिस्क्रिप्टर आणि तुमच्या कार्डाला टीएसओ (टीसीपीच्या मोठ्या गठ्ठ्याचे तुकडे कार्डानेच करणं) किंवा व्हीलॅनसाठी लागणारा जादाचा मिळवा. आकडा पाठ करून लिहू नका, स्थिरांक वापरा, कारण नव्या कर्नलमध्ये तो बांधणीच्या वेळी वाढवता येतो.

आता ज्या जागी मी स्वतः चार दिवस घालवले तिथे जरा थांबू.

एका बोर्डवर आमचं नेटवर्क दिवसातून एक-दोनदा गप्प व्हायचं. लिंक चालू, इंटरप्ट नीट, लॉगमध्ये एक ओळ नाही. इंटरफेस बंद करून चालू केला की सगळं पुन्हा सुरळीत. शेवटी गप्प झालेल्या अवस्थेत रिंगचे आकडे छापले: हेड (ड्रायव्हर पुढची नोंद जिथे भरणार ती जागा) ११७, टेल (साफ करणं जिथवर आलंय ती जागा) ११७. म्हणजे रिंग पूर्ण रिकामी. आणि तरीही रांग थांबलेली.

घडत होतं ते असं. एका सीपीयूवर एक्समिटने बघितलं की जागा कमी उरली. स्टॉप बोलावण्याआधीच्या त्या क्षणभरात दुसऱ्या सीपीयूवर कम्प्लीशनचा, म्हणजे पाठवून झालेली पॅकेटं साफ करणारा, कोड धावला, त्याने सगळी रिंग साफ केली आणि विचारलं, 'रांग थांबलेली आहे का?' नव्हती. म्हणून त्याने कोणाला उठवलं नाही. मग पहिल्या सीपीयूने रांग थांबवली. आता रिंगमध्ये काहीच नाही, त्यामुळे पुढचा कम्प्लीशन इंटरप्ट येणार नाही, आणि इंटरप्ट नाही म्हणून रांग उठवायला कोणी येणार नाही.

उपाय एवढाच: थांबवा, पूर्ण मेमरी बॅरियर टाका, आणि जागा पुन्हा एकदा मोजा. मिळाली तर लगेच पुन्हा सुरू करा. कम्प्लीशनच्या बाजूलाही तोच शिरस्ता: आधी मोकळ्या जागेचा आकडा पुढे सरकवा, मग बॅरियर, मग 'थांबलेली आहे का' हे विचारा. दोन्हीकडे बॅरियर हवाच, एका बाजूचा पुरत नाही. हे हाताने लिहायचं नसेल तर २०२३ पासून कर्नलमध्ये नेटिफ_टीएक्सक्यू_मेबी_स्टॉप आणि नेटिफ_टीएक्सक्यू_कम्प्लीटेड_वेक ही तयार मॅक्रो आहेत. नवा ड्रायव्हर लिहिताना मी तीच वापरायला सांगेन.

आणि लॉगमध्ये एक ओळही का नव्हती? कारण मी एनडीओ_टीएक्स_टाइमआउट लिहिलंच नव्हतं. ते फंक्शन नसेल तर कर्नल त्या डिव्हाइसवर पहारा ठेवतच नाही. असेल, तर थांबलेली रांग ठरलेल्या वेळात हलली नाही की 'नेटडेव वॉचडॉग' अशी सुरुवात असलेला इशारा येतो. तुम्ही वेगळी वेळ दिली नाहीत तर ती ५ सेकंद असते. हे फंक्शन पहिल्या दिवशी लिहा. त्यात हेड-टेल छापा आणि कार्ड रीसेट करायचं काम वर्कक्यूवर (नंतर, झोपायची मुभा असताना काम करणाऱ्या कर्नलच्या सोयीवर) ढकला. हे टायमरमधून बोलावलं जातं, म्हणून तिथल्या तिथे रीसेट करत बसता येत नाही.

आणखी तीन बारीक गोष्टी. कम्प्लीशनमध्ये नेटिफ_वेक_क्यू वापरा, नेटिफ_स्टार्ट_क्यू नव्हे. स्टार्ट फक्त झेंडा खाली करतं, तर वेक क्यूडिस्कला कामालाही लावतं. आणि केबल निघाली म्हणून रांग थांबवू नका, त्यासाठी नेटिफ_कॅरियर_ऑफ आहे. उठवायची मर्यादा थांबवायच्या मर्यादेपेक्षा बरीच वर ठेवा, नाहीतर प्रत्येक पॅकेटमागे थांब-उठ, थांब-उठ होत राहतं.

तिसरी पायरी: रिंगमध्ये उभी गर्दी कमी करा

३१ मिलिसेकंदांचा तो आकडा कमी करायला रिंगच छोटी करावी असं आधी सुचतं. पण छोट्या पॅकेटांच्या वेळी तीच रिंग अपुरी पडते आणि कार्ड उपाशी राहतं. ६४ बाइटची पॅकेटं आणि टीएसओचे ६४ किलोबाइटपर्यंतचे गठ्ठे, दोन्ही एकाच रिंगमध्ये येतात. डिस्क्रिप्टर मोजून वेळ कळत नाही, बाइट मोजून कळतो.

नेमकं हेच काम बाइट क्यू लिमिट्स करतं. टॉम हर्बर्ट यांनी लिहिलेला हा भाग २०१२ मध्ये लिनक्स ३.३ मध्ये आला. रिंगमध्ये किती बाइट असले की कार्ड उपाशी राहणार नाही, हे तो चालता चालता शिकतो आणि त्यापुढची पॅकेटं क्यूडिस्कमध्येच थांबवून ठेवतो. म्हणजे गर्दी जिथे क्रम बदलता येतो तिथे राहते. माझ्या मते नव्या ड्रायव्हरने प्राधान्याच्या इतर कुठल्याही सोयीआधी हे करावं. मेहनत तीन ओळींची आहे: पाठवताना नेटडेव_टीएक्स_सेंट_क्यू, साफ करताना नेटडेव_टीएक्स_कम्प्लीटेड_क्यू, आणि रिंग रिकामी करून इंटरफेस बंद किंवा रीसेट करताना नेटडेव_टीएक्स_रीसेट_क्यू.

ओळी तीनच, पण हिशेब बाइट-न-बाइट जुळायला हवा. समजा पाठवताना तुम्ही एसकेबीची लांबी ४२ सांगितली, मग पॅडिंग करून ती ६० केली आणि साफ करताना ६० सांगितली. पाठवलेल्यापेक्षा जास्त पूर्ण झालं असं दिसलं की कर्नल तिथेच बग म्हणून कोसळतो. उलट कमी सांगत गेलात तर 'हवेत असलेले' बाइट थोडे थोडे साचत जातात आणि एक दिवस रांग कायमची थांबते. यावर सरळ उपाय आहे: पाठवताना सांगितलेला आकडा त्या डिस्क्रिप्टरच्या नोंदीत लिहून ठेवा आणि साफ करताना तोच वाचा. पुन्हा मोजू नका. सेंटचा हिशेब डोअरबेलच्या आधी झाला पाहिजे, नाहीतर कम्प्लीशन आधी पोचू शकतं.

डोअरबेलबद्दलही एक सापळा आहे. नेटडेव_एक्समिट_मोअर खरं असेल तर मागून लगेच आणखी पॅकेट येतंय, म्हणून डोअरबेल पुढे ढकलता येते आणि पीसीआयवरच्या महागड्या लिखाणांची बचत होते. पण याच पॅकेटनंतर रांग थांबवलीत, किंवा मॅपिंग फसून पॅकेट टाकून दिलंत, तर आधीच्या पॅकेटांची डोअरबेल कोण वाजवणार? अशा प्रत्येक वाटेवर ती वाजवूनच बाहेर पडा.

चौथी पायरी: अनेक रांगा

अलॉक_इथरडेव_एमक्यूएस ने रांगा मागायच्या, कार्डाला प्रत्यक्षात जितक्या झेपतात तितक्या नेटिफ_सेट_रिअल_नम_टीएक्स_क्यूज ने जाहीर करायच्या. प्रत्येक रांगेचं लॉक वेगळं, रिंग वेगळी, शक्य तर इंटरप्टही वेगळा. एक्समिटमध्ये रांगेचा क्रमांक एसकेबीवरून वाचा आणि भरली असेल ती एकच रांग थांबवा. एक भरली म्हणून सगळ्या थांबवणारे ड्रायव्हर मी बघितले आहेत. तिथे अनेक रांगांचा फायदा जागीच संपतो.

कोणतं पॅकेट कोणत्या रांगेत जाईल हे एनडीओ_सिलेक्ट_क्यू मध्ये स्वतः ठरवायचा मोह होतो. कार्डाच्या रचनेने भाग पाडल्याशिवाय तो टाळा. एका प्रवाहाची पॅकेटं एकाच रांगेत राहावीत याची काळजी कर्नलची मूळ निवड घेते. तुमच्या निवडीत ते सुटलं तर पॅकेटं उलटसुलट पोचतात आणि टीसीपीला वाटतं की मधली हरवली.

आणि रांगा जास्त म्हणजे प्राधान्य आलं, असं नाही. बहुतेक कार्डं सांगितलं नाही तर सगळ्या रांगांना आळीपाळीने वाट देतात. अनेक रांगा सीपीयूंमधली लॉकची ओढाताण कमी करण्यासाठी असतात. प्राधान्य वेगळं मागावं लागतं.

पाचवी पायरी: प्राधान्य

एसकेबीवर प्रायॉरिटी नावाचा एक आकडा असतो. ॲप्लिकेशन तो एसओ_प्रायॉरिटी या सॉकेट पर्यायाने लावतं. ० ते ६ कोणीही लावू शकतं, त्यावर जायला कॅप_नेट_ॲडमिनसारखा खास अधिकार लागतो. आयपी हेडरमधला टीओएस बाइट ठरवणारा आयपी_टीओएस हा सॉकेट पर्याय लावला तर कर्नल त्यावरून हा आकडा स्वतः काढतो, आणि तिथे एक गोष्ट आहे जी माहीत नसल्यामुळे भले भले फसतात.

आवाजाच्या पॅकेटांना लावायची खूण म्हणजे डीएससीपी (टीओएस बाइटचे वरचे सहा बिट) ४६, एक्सपिडाइटेड फॉरवर्डिंग. साहजिक वाटतं की हे पॅकेट सगळ्यात वरच्या पट्ट्यात जाईल. आता प्रत्यक्ष चालून बघा. ४६ म्हणजे टीओएस बाइटमध्ये १८४. कर्नल त्यातले जुन्या टीओएसचे बिट तेवढे बघतो आणि त्यावरून प्रायॉरिटी ४ काढतो. पीफिफो_फास्टच्या नकाशात ४ जातो पट्टा १ मध्ये. खूण नसलेलं साधं पॅकेट, म्हणजे प्रायॉरिटी ०, तेही पट्टा १ मध्येच. म्हणजे इतकी खूण करून आवाज आणि फाइल डाउनलोड एकाच रांगेत! वरच्या पट्टा ० मध्ये जातात फक्त ६ आणि ७. म्हणून डीएससीपीवर विसंबू नका. ॲप्लिकेशनमधून टीओएस लावून झाल्यावर एसओ_प्रायॉरिटी स्वतः लावा, किंवा टीसी फिल्टरने तो आकडा बदला. क्रम महत्त्वाचा आहे, कारण टीओएस नंतर लावलंत तर ते प्रायॉरिटी पुन्हा लिहितं.

आकड्यांच्या दिशेचाही गोंधळ ध्यानात ठेवा. प्रायॉरिटी ७ मोठी, पण पीफिफो_फास्टचा पट्टा ० मोठा. व्हीलॅन टॅगमधल्या तीन बिटांच्या पीसीपीत ७ मोठा, पण १ हा ० पेक्षा खालचा, कारण १ पार्श्वभूमीच्या कामांसाठी राखलेला आहे. कार्डाच्या रांगांत ० मोठी की शेवटची मोठी हे त्या-त्या कार्डावर ठरतं, डेटाशीट उघडून बघा. आणि एसकेबीची प्रायॉरिटी पीसीपीत आपोआप उतरत नाही. व्हीलॅन इंटरफेसला इग्रेस-क्यूओएस-मॅप द्यावा लागतो, तोवर सगळं ० नेच बाहेर पडतं.

कार्डातच प्राधान्य असेल तर ते वापरायची वाट म्हणजे एमक्यूप्रायो ही क्यूडिस्क. समजा आठ रांगा आहेत. दोन वर्ग करायचे: पहिल्याला ० पासून सहा रांगा, दुसऱ्याला ६ पासून दोन. १६ खान्यांच्या नकाशात प्रायॉरिटी ६ आणि ७ दुसऱ्या वर्गाकडे, बाकी सगळं पहिल्याकडे. हार्डवेअरचा पर्याय चालू ठेवला तर ही मागणी ड्रायव्हरच्या एनडीओ_सेटअप_टीसी मध्ये येते. तिथे आधी मागणी तपासा, कार्डाला जमत नसेल तर स्पष्ट नकार द्या. गुपचूप हो म्हणणारा ड्रायव्हर वापरणाऱ्याला खोट्या भरवशावर ठेवतो. जमत असेल तर रजिस्टर लिहा आणि नेटडेव_सेट_नम_टीसी, नेटडेव_सेट_टीसी_क्यू, नेटडेव_सेट_प्रायो_टीसी_मॅप या तिघांनी कर्नलला कळवा.

कार्डात कडक प्राधान्य लावलं की वरची रांग रिकामी होईपर्यंत खालचीला वाटच मिळत नाही. त्या वरच्या वर्गात कोणीतरी मोठी टीसीपी फाइल टाकली तर बाकी सगळे खोळंबतात, अगदी त्या मशीनवरचं तुमचं एसएसएच सुद्धा. म्हणून वरच्या वर्गाला वेगाची मर्यादा घाला. कार्डात क्रेडिटवर चालणारा शेपर (वेगाला लगाम घालणारा भाग) असेल तर सीबीएस क्यूडिस्कने तो वापरता येतो.

आणि हे सगळं करण्याआधी स्वतःला विचारा, वर्गांची गरज खरंच आहे का? एफक्यू_कोडेल प्राधान्य असं काही मानत नाही. पण ते प्रवाह वेगळे करतं, आणि ज्याची पॅकेटं तुरळक येतात त्याला आधी वाट देतं. डीएनएस, एसएसएच, आवाज यांना खूण न करताच त्याचा फायदा मिळतो. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या कोडेलवर एरिक ड्युमाझे यांनी ते उभारलं. त्याचं मूळ लक्ष्य ५ मिलिसेकंदांची वाट आहे. मात्र ते क्यूडिस्कमधली वाट मोजतं, रिंगमधली नाही, म्हणून तिसरी पायरी झाली नसेल तर त्याचा उपयोग फार कमी होतो.

सहावी पायरी: छळून बघा

दोन मशीन घ्या, मधली लिंक मुद्दाम १०० मेगाबिटवर उतरवा, कारण वेगवान लिंकवर दोष लपतात. आयपर्फ या वेग मोजायच्या साधनाने लिंक भरून टाका. आता एक साधं पिंग आणि एक मोठा क्यू पर्याय देऊन टीओएस १६ लावलेलं पिंग, दोन्ही सोबत चालवा. टीओएस १६ मुळे प्रायॉरिटी ६ येते, म्हणजे पीफिफो_फास्टवर हे दुसरं पिंग वरच्या पट्ट्यात जातं. दोन्हींच्या वेळा सारख्याच आल्या तर गर्दी क्यूडिस्कमध्ये नाही, रिंगमध्ये आहे. बाइट क्यू लिमिट्स बंद-चालू करून हे स्वतः बघा. सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फायलींच्या रूपात दाखवणाऱ्या /sys मध्ये) प्रत्येक टीएक्स रांगेखाली त्याचं फोल्डर असतं, तिथे कमीत कमी मर्यादेचा आकडा खूप मोठा केला की ते जवळजवळ बंद पडतं.

मग लोड चालू असतानाच केबल काढा आणि लावा. इंटरफेस खाली-वर करा. रिंगचा आकार बदला, रांगांची संख्या बदला. एमटीयू बदला. प्रत्येक वेळी टीसीच्या आकडेवारीत रीक्यू हा आकडा बघा. थोडा वाढला तर काळजी नाही, पण पॅकेटांच्या बरोबरीने पळत असेल तर तुम्ही रांग वेळेवर न थांबवता बिझी पाठवताय.

रात्रभर चालवून सकाळी लोड बंद करा, आणि बाइट क्यू लिमिट्सच्या त्याच फोल्डरमधली इनफ्लाइट नावाची फाइल प्रत्येक रांगेसाठी वाचा. सगळीकडे ० हवा. एखाद्या रांगेत आकडा अडकून बसला असेल तर तेवढे बाइट पाठवले म्हणून नोंदले गेले आणि पूर्ण झाल्याची नोंद कधीच झाली नाही. आधी चुकांच्या वाटा तपासा, पॅकेट टाकून देताना हिशेबातून वजा करायचं राहिलंय का. मग बघा, कम्प्लीशनमध्ये रांगेचा क्रमांक दुसऱ्याच रांगेचा तर जात नाही ना.